लाजू नका, आत या

औंढा नागनाथ,
रविवार, दुपार

ती. ग्यानबादादा यांस,

धाकटा मावसभाऊ वैजनाथ याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वहिनींचे गुडघे आणि तुमचा मोतीबिंदू काढलेला डोळा, दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. (डोळा ठीक नसेल तर हे वाक्यही दिसणार नाही, म्हणजे विचारून उपयोग नाही.) आम्ही दोघं खुशाल आहोत. वैजनाथनं निवृत्तीनंतर दवाखाना टाकलाय असं तुम्हाला नांदेडात कुणीतरी सांगितलं, आणि त्याबद्दल तुम्ही फोनवर विचारलंत. मी म्हणालो, लिहून कळवतो. कारण आमच्याकडं फोन आला की शकुंतला तो स्पीकरवर टाकते आणि मी सांगत असताना मधेमधे दुरुस्त्या करते.

मुळात दोष रस्त्याचा. हिंगोलीचा रस्ता रुंद झाला तेव्हा आमचा ओटा आणि कंपाउंड त्यात गेलं, आणि तीस वर्षं आत आडोशाला राहिलेली भिंत एकदम रस्त्यावर आली. पोपडे सुटलेले, मधे विटा उघड्या. नागनाथाच्या दर्शनाला येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ती बघत पुढं जातो. शकुंतलाचं म्हणणं असं की, हे घर बघून आतली माणसं केव्हाच वारली असं वाटतं. निवृत्त माणसाला सकाळ-दुपार-संध्याकाळ हे ऐकवलं तर तो कुठवर टिकेल? घराचं दर्शनी रूप सुधारायचं मी ठरवलं.

सुरुवात हिरवळीनं केली. हिंगोलीच्या रोपवाटिकेतून गवताच्या गुंडाळ्या आणल्या (हो दादा, सतरंजीसारखं गुंडाळलेलं गवत मिळतं), उरलेल्या चार हात जागेत अंथरल्या, आणि दोन वेळा पाणी घालून पाच दिवस त्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही. सहाव्या दिवशी मी जेवायला बसलो असताना शेजारच्या शिलाच्या दोन बकऱ्यांनी ती हिरवळ मातीसकट साफ केली. शिला बिचारी भांडायच्या तयारीनं नाही, उलट आभार मानायला आली. तिला वाटलं, गुरुजींनी बकऱ्यांसाठी घास पेरला. मग शकुंतलानं जास्वंद लावली, ती गेली. क्रोटन लावलं, ते गेलं. मोगऱ्याची तर कुंडी आडवी करून खाल्ली.

अशा पडत्या काळात रूपसिंग पेंटर दारात आला. माणूस गोड, हातात कला, आणि बोलणं असं की आपणच त्याच्याकडं गेलो होतो असं वाटावं. एक कंपनी रस्त्यालगतच्या भिंती फुकट रंगवून देते म्हणाला. गिलावा, रंगाचे दोन हात, सगळं कंपनीचं. बदल्यात एक वर्ष कंपनीचे दोन शब्द भिंतीवर राहतील. कसली कंपनी असं मी विचारलं, तर म्हणाला, आरोग्याची. छत्तीस वर्षं पोरांना 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं बजावणाऱ्या माणसानं तो करारनामा न वाचता त्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी आम्ही शकुंतलाच्या भाचीच्या लग्नाला वाशीमला गेलो.

परत येताना एसटीत कंडक्टरला घरापाशी उतरवायला सांगितलं होतं, पण घरच आलं नाही. म्हणजे आलं, आम्हाला ओळखू आलं नाही. खिडकीशी बसलेली शकुंतला म्हणालीसुद्धा, "अहो, हा दवाखाना कधी झाला इथं?" थेट स्टँडवर उतरून बॅगा घेऊन मागं चालत आलो, तेव्हा उलगडा झाला. भिंत पिवळीधमक. तिच्यावर पुरुषभर उंचीची लाल अक्षरं, प्रत्येकाला काळी सावली. डावीकडं 'मूळव्याध', उजवीकडं 'भगंदर', आणि बरोबर आमच्या दारावर 'लाजू नका, आत या', खाली बाण. आमच्या उंबऱ्याकडं. ज्याची जाहिरात त्या डॉक्टराचं नाव, दूरचं गाव आणि फोन मात्र कोपऱ्यापलीकडं बोळातल्या भिंतीवर, कारण (रूपसिंगनं नंतर फोनवर समजावलं) पुढं अक्षरं सुंदर यायची तर जागा सोडावी लागते. अक्षरं सुंदर होती, हे मला मास्तर म्हणून मान्य करावं लागलं.

लोक येऊ लागले. पहिला एक ट्रक ड्रायव्हर. तो खिडकीतून हळूच 'डॉक्टरसाब' म्हणाला आणि मी डॉक्टर नाही म्हटल्यावर मला कंपाउंडर समजून थांबला. मग कोण कोण. कुणी नंबर लावायचा का विचारी, कुणी खुर्ची नाकारून उभंच राही. मी सगळ्यांना बोळातली भिंत दाखवायचो. शकुंतलाची भिशी आमच्याकडं होती त्या दिवशी सगळ्या बायका मागच्या दारानं आल्या, कारण पुढून आत शिरताना कुणी बघितलं तर काय समजेल. त्या रात्री ती जेवली नाही. करारात पुसायची मनाई होती, झाकायची नव्हती, म्हणून तिनं दोडक्याचा वेल भिंतीवर चढवला. (बकऱ्या पोचू नयेत म्हणून बाजेवर कुंड्या ठेवून.) वेलानं दीड महिन्यात नेमका एकच शब्द झाकला. 'नका, आत या' एवढं वाचून माणसं दारात येत, मागं सरकत, पुन्हा येत.

आता खरी गोष्ट. आषाढात एके सकाळी हट्टा गावचे जळबा नावाचे म्हातारे पायरीवर येऊन बसले. पांढरं धोतर, हातात रिकामी पिशवी. दर्शनाला आले होते, पण अर्धा तास भिंतच बघत राहिले. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की बाबा, मी डॉक्टर नाही.

"न्हाई तर न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "दोन साल झाले, रगत जातंय. घरात सून, नातवंडं, कुणाला सांगावं? कुणी ईचारलंबी न्हाई. तुमच्या भिंतीनं पयल्यांदा ईचारलं."

शकुंतला दाराआडून ऐकत होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि मला म्हणाली, सोबत जा, त्यांच्यानं एकट्यानं आत जाववणार नाही. मोटारसायकलवर त्यांना बसता येईना, म्हणून सरकारी दवाखान्यापर्यंत आम्ही चालत गेलो, दर दहा पावलांवर थांबत. तपासताना त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा आकडा बघितला आणि हे चालत कसे आले असं मलाच रागावून विचारलं. त्याच दिवशी गाडीनं नांदेडला नेलं, रक्त चढवलं, दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा येईपर्यंत मी तिथं होतो. (म्हणजे मी नांदेडात होतो आणि तुमच्याकडं आलो नाही. ही चूक कबूल. वहिनींना सांगू नका.) मुलगा आला तो नुसता बापाच्या पायाशी बसून राहिला.

पोळा झाल्यावर जळबा परत आले, अंगानं भरलेले, पिशवीत कण्हेरीच्या काड्या घेऊन. आमच्या दारातली दुर्दशा त्यांनी पहिल्याच खेपेला हेरली होती. स्वतः खड्डे करून लावल्या आणि म्हणाले, बकरी ह्याला तोंड लावत न्हाई. खरंच लावत नाही. शिलाच्या बकऱ्या येतात, हुंगतात, अपमान झाल्यासारख्या निघून जातात. आता गुलाबी फुलं आलीत.

गेल्या आठवड्यात वर्ष भरलं. रूपसिंग डबे घेऊन हजर, म्हणाला, गुरुजी, आता भिंत तुमची, म्हणाल तो रंग. मी पांढरा म्हणणार तोच शकुंतला बाहेर आली. तिनं स्वतः विळ्यानं दोडक्याचा वेल कापला आणि अक्षरांवर आणखी एक हात मारायला सांगितला. बोळातला फोन पुसून टाकायचा, आणि दाराशेजारी मोठ्या अक्षरात सरकारी दवाखान्याची वेळ लिहायची. घर कसं दिसेल, मी विचारलं. ती म्हणाली, "दिसू द्या. भिशीच्या बायका येतील मागून."

असो. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
वैजनाथ

ता. क. : दादा, हे पान वहिनींना दाखवू नका. एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. पाच महिने झाले, मलाच तो त्रास आहे. इथल्या औषधाच्या दुकानात मला सगळे गुरुजी म्हणतात, आणि दवाखान्यात तर मी लोकांना घेऊन जाणारा माणूस. तिथं स्वतःसाठी काय तोंडानं जाऊ? तुमच्या नांदेडच्या औषध दुकानातून चांगलंसं मलम पाठवा.

ता. क. २ : पार्सलवर 'पुस्तकं' असं लिहा.

ता. क. ३ : भावजींना शकुंतलाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडं दिलं होतं, पाकिटाचा डिंक काही धरत नव्हता. मलम पाठवू नका. उद्या मी ह्यांना दवाखान्यात घेऊन जाऊन राहिले. चालतच नेते.