तेरा तारखेचा मंगळवार

१० ऑक्टोबर १९८७, शनिवार, पिरेयस बंदर.
आजपासून रोजनिशी. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी बोलायचं, सून कॅलिरोईने लिहायचं. मनाचं काही घालायचं नाही, असं तिला बजावलंय. घातलं तर मला कळणार नाही, पण देवाला कळेल.
आमचं जहाज 'मार्केला' गहू घेऊन अलेक्झांड्रियाला निघालंय. इंजिन माझ्यापेक्षा जास्त खोकतं. मुलगा पांतेलिस म्हणतो, या फेरीत नव्या इंजिनाचे पैसे सुटले नाहीत तर जहाज भंगारात. सुटतील. तिथल्या बंदरात भली मोठी रांग आहे. कप्तानाने पोचल्याची नोटीस दिली की माल उतरवायच्या मुदतीचं घड्याळ सुरू, रांगेत असलो तरी. मुदतीत माल उतरला नाही, की गहूवाला रोजचं डेमरेज, म्हणजे जहाज अडकवल्याचा दंड, भरणार. आपण नांगर टाकून कॉफी प्यायची. धंदा याला म्हणतात.

१२ ऑक्टोबर, सोमवार.
जहाज उद्या पोचतंय. उद्या मंगळवार, त्यात तेरा तारीख. अशा दिवशी आमच्यात कोणी नखंसुद्धा कापत नाही, आणि हे नोटीस देणार. कप्तान स्टामाटिसला रेडिओफोनवर गाठलं. म्हटलं, नोटीस आजच धाड.
"मावशी, अजून किनारासुद्धा दिसत नाही."
"तुला दिसत नाही. मला दिसतोय."
धाडली. पोचल्यावर पुन्हा देऊ का, विचारत होता. म्हटलं, एकदा दिली ती दिली, उगाच शंका काढू नकोस. पांतेलिसला सांगितलं नाही. त्याला काळजी करायची सवय आहे.

२० ऑक्टोबर.
जहाज रांगेत. संत निकोलासला मेणबत्ती लावली, रांग आणखी वाढू दे म्हणून. तो बुडणाऱ्यांना वाचवणारा, त्याला जरा चमत्कारिक वाटलं असेल.

२ नोव्हेंबर.
अजून रांगेत. मनात नवं इंजिन बसवूनही झालं. नणंद मारिगोला मागच्या वर्षी जहाज विकावं लागलं, म्हणून फोन करून तिचं सांत्वन केलं. अर्ध्यातच तिने फोन ठेवला. दुःख फार असावं.

१८ नोव्हेंबर.
माल उतरला. लंडनच्या वकिलाचा टेलेक्स आला. करार इंग्रजांच्या कायद्याने केलेला, आणि तो कायदा म्हणे असा, की बंदराच्या हद्दीत यायच्या आधी दिलेली नोटीस ही नोटीसच नव्हे, आणि जहाज नंतर पोचलं म्हणून ती आपोआप जिवंतही होत नाही. घड्याळ सुरू झालं ते माल उतरायला लागला तेव्हा. म्हणजे सगळी रांग फुकट. वर माल मुदतीआधीच उतरला असं ठरलं, म्हणून करारातलं वेळ वाचवल्याचं बक्षीस गहूवाल्याला आम्हीच द्यायचं.
पांतेलिसने विचारलं, कप्तानाला असं करायला कोणी सांगितलं? म्हटलं, त्यालाच विचार. त्याने लगेच फोन लावला. हे मला अपेक्षित नव्हतं.

३० नोव्हेंबर.
भंगारवाला येऊन गेला. जहाज माझ्या नावावर, म्हणून कागदावर माझा अंगठा. कॅलिरोईने शाई पुसायला फडकं दिलं. भंगारवाल्याने अदबीने विचारलं, जहाज कधी न्यायला येऊ? म्हटलं, बाबा, आजच ने. अडकून पडलं तर कोणी कोणाला पैसे द्यायचे, हे मला आता सांगता येत नाही.