आईचं मशीन

ता. ३ मार्च

ती. ताईस धाकटीचा सा. न. वि. वि.

तुमचा कारखाना बंद पडून मशीनं माझ्या सासरच्या देशात येताहेत, हे तू कळवलंच होतंस. पण आईचं मशीन नेमकं माझ्या वाट्याला येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. शिवणीच्या मापासाठी तिने सुईखालच्या पत्र्यावर ओढलेली नेलपॉलिशची रेघ अजून तशीच आहे.

त्या मशीनवर कुणी टिकेना. जेवणाच्या सुट्टीत वीज बंद असतानाही पेडल दबतं म्हणे. हसू नकोस. मी बसले तेव्हा कुणीतरी सरकून जागा दिल्यासारखं वाटलं. भीती नाही वाटली गं, रडू आलं.

इथल्या बायका तुमच्याइतकाच पगार मागायचं म्हणताहेत. शर्ट तेच, काम तेच, पगार मात्र निम्मा. पण ह्यांचं काम सुटलंय, घर माझ्या एकटीवर चालतं. मी त्यांच्यात जाऊ का? तुझी माया आहेच. तीच दोन ओळींत धाडून दे.

तुझी,
धाकटी

ता. १९ मार्च

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

भित्री भागूबाई, मशीनला तेल घाल, भुतं पळतील. एवढं लिहिलं आणि हात थांबला. आईने दुसऱ्या पाळीत त्याच मशीनवर मान टाकली. एका पाळीच्या पगारात आपलं घर भागत नव्हतं, म्हणून ती दोन करायची.

ती गेल्यावर मी घसा फोडून भांडले. सरकारने किमान वेतन वाढवलं, आम्ही कारखान्याच्या दारात नाचलो. आणि मालकाने गाशा गुंडाळला, तुमच्याकडे मजुरी स्वस्त म्हणून. आता गल्लीतल्या बायका मला बघून तोंड फिरवतात. ‘हिच्यामुळे काम गेलं’ हे मला घरात बसूनही ऐकू येतं.

तू गप बस. पोरांना जेवू घाल. थोरलीचं एवढं ऐक, आणि मनात राग ठेवू नकोस.

तुझी,
ताई

ता. ८ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकायचं अगदी पक्कं केलं होतं. परवा सुपरवायझरने सगळ्यांसमोर दरडावलं, की वाढीव पगार हवा असेल तिने उभं राहावं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या, माझीही. तेवढ्यात कुणीतरी काखेत हात घालून मला उठवलं. शाळेच्या वेळेला आई आपल्याला अंथरुणातून उठवायची ना, तस्संच. मागे पाहिलं तर कुणीच नव्हतं. पुढे पाहिलं तर अख्खी रांग उभी राहिली होती.

मालकाने पगार वाढवला नाही. मशीनं आणखी स्वस्त देशात चालली आहेत. पुढच्या महिन्यात काय खायचं, ठाऊक नाही. मी फार घाबरले आहे, ताई, पण पस्तावलेली नाही.

आईच्या मशीनला आज मीच गोणपाट गुंडाळलं. तिकडेही कुणाची तरी लेक त्यावर बसेल, आधी दचकेल, मग एक दिवस उठून उभी राहील. मालक पुन्हा खोकी भरेल. भरू दे. आई काही दमायची नाही. कधीतरी त्याचेच देश संपतील.

आहे तशीच जवळ धर.

तुझी,
धाकटी