सणसरमधला संशयित इसम

३ नोव्हेंबर
ग्रामपंचायतीत पोलिसांची बैठक. ‘सजग नागरिक’ योजना. संशयास्पद काही दिसलं की फोन करा, नाव गुप्त राहील. मी लगेच नाव नोंदवलं. मी संशयी नाही, फक्त बारकाईने बघते. शाळेच्या आधी वडिलांनी, अप्पांनीच घरी पाटीवर शिकवलं, बघावं ते नीट लिहावं.
डाळजच्या स्थळाचं उत्तर नाही. आठ दिवस झाले. संदेश बारामती एमआयडीसीत दुधाच्या प्लांटला आहे. बघायला आला तेव्हा स्वतःची कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली. मला तेवढं पुरे. त्याचा विचार करायचा नाही, असं ठरवलंय.

४ नोव्हेंबर
विचार केला. दोनदा. (खरं लिहायचं तर पाचदा.)

६ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
डेअरीवर अनोळखी इसम. पन्नाशीचा, टोपी, स्कूटी. विचारत होता, अप्पांचं रान किती, भावकीत वाद हाय का. शेजारच्या छबूबाईंनी सगळं सांगितलं, वर चहा पाजला. गावाला सुरक्षेची जाणीवच नाही.

७ नोव्हेंबर
तोच इसम आमच्या दारावरून तीन फेऱ्या. आई म्हणाली, असंल कुणाचा पाव्हणा, लग्नसराई हाय. आईला गुन्हेगारांची पद्धत माहीत नाही. कळवावं का? निर्दोष असला तर पाप माझ्या माथी. जेवण गेलं नाही.

८ नोव्हेंबर
आज किराणा दुकानात थेट माझं नाव! रेश्मा तोंडाची फटकळ हाय का, फोनवर किती असती. टोळी स्वभावाचीही माहिती काढते. ११.४० ला फोन केला. (११.४३.) पोलीस आले, मारुतीच्या देवळापाशी त्याला धरलं. सगळं गाव जमलं. मी शांत होते. छबूबाईंच्या मागे उभी होते.

८ नोव्हेंबर, संध्याकाळी
ते संदेशचे मामा निघाले. रावजीमामा. सोयरिकीआधी मुलीची चौकशी करायला आलेले. हवालदारांनी त्यांची वही सगळ्यांसमोर वाचली: ‘रान बागायत. भावकीत भांडण न्हाय. पोरगी गरीब, कुणाच्या अध्यात न्हाय मध्यात न्हाय.’ मग म्हणाले, कळवलं ते याच पोरीनं. गुप्त!
अप्पांनी मामांना घरी आणून शिरा खायला घातला. त्यांनी दोनदा घेतला. म्हणजे राग नाही. उलट सून जागरूक आहे, हे त्यांना प्रत्यक्षच कळलं.

१० नोव्हेंबर
डाळजहून फोन. संदेशची आई म्हणाली, जी पोरगी पाव्हण्याला पोलिसात देती, ती सासूला कुठं पोचवील? नकार.
संदेशचं काय म्हणणं, ते मी आईला विचारायला लावलं. तो म्हणे हसला. मग त्याच्या आईकडं बघून कपबशी उचलून आत गेला.

१४ नोव्हेंबर
पोलीस ठाण्यातून फोन. सजग नागरिक म्हणून माझा सत्कार. शाल, प्रमाणपत्र, रविवारी अकरा वाजता. घरी विचारून सांगते म्हटलं.
अप्पांना विचारलं. ते चपला घालत होते. म्हणाले, जा की. रविवारचं आता कोण येणार हाय तुला बघायला?