शैलाचं पाठमोरं चित्र

चिंचवड,
रविवार

तीर्थस्वरूप यशवंतराव यांना सदाशिवचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून, नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमचा खोकला आणि वहिनींची साखर दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडे मी ठीक आहे. स्वयंपाक जमायला लागलाय (म्हणजे सुखदा आता न विचारता ओळखते, की ही भाजी कुठली आहे).

ऋचा बारावीनंतर चित्रकलेला जायचं म्हणते, आणि तुमच्या घरात त्यावरून आठवडाभर अबोला आहे, हे वाचलं. 'तुमची मुलगी याच वाटेनं गेली, तुम्ही भोगलंत, तेव्हा माझ्या नातीला तुम्हीच चार शब्द समजावा,' असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही शैलाचे थोरले भाऊ, माझे मोठे मेहुणे, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पण समजावणाऱ्यानं आधी खरं सांगावं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुखदानं चाकणच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडली तेव्हा मी काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. मी तिच्याशी दोन महिने बोललो नाही. बोलायचंच झालं तर शैलामार्फत. तिघं एका टेबलावर जेवायला बसलेलो, आणि मी म्हणायचो, "तिला सांग, मीठ दे." शैला बिचारी मीठ उचलून मला द्यायची आणि म्हणायची, "ती देते म्हणाली." सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहायचो. बस निघून जायची. सुखदा आत बसून कांदे, बादल्या, झोपलेली मांजरं असलं काहीतरी काढत असायची. मेकॅनिकल इंजिनिअर मुलगी! मग तिनं दापोडीत एक गाळा भाड्यानं घेतला आणि मुलांना चित्रकला शिकवायला लागली. लोक मला विचारायचे, सध्या सुखदा काय करते? मी सांगायचो, डिझाइनमध्ये आहे. (खोटं नाही. पण ऐकणाऱ्याला गाडीचं डिझाइन वाटावं अशा बेतानं सांगायचो.)

मग मागच्या फेब्रुवारीत शैला गेली. ते तुम्ही पाहिलंच आहे. पण फोटोचा घोळ तुम्हाला सांगायचा राहिला. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याला फोटो द्यायचा म्हणून घरातले सगळे अल्बम उपसले. एकतीस वर्षांच्या संसारात शैलाचा एकटीचा धड एकही फोटो निघेना. सगळीकडे ती कडेला, हातात कसलंतरी ताट, नाहीतर डोळे मिटलेले. शेवटी तुमच्या मिहिरच्या लग्नातल्या ग्रुपमधून तिला कापून काढलं. फ्लेक्स लागला तेव्हा दिसलं, की तिच्या खांद्यावर कुणाचातरी हात राहिलाय, पुष्कराजाच्या अंगठीसकट. (तुमचा, यशवंतराव.) शिवाय फ्लेक्सवाल्यानं कुणा भाऊंच्या वाढदिवसाची जुनी फाइल वापरली होती, त्यामुळे 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या कोपऱ्यात दोन फुगे. मी उतरवायला निघालो तर सुखदा म्हणाली, "राहू द्या बाबा. आई हसली असती." आणि मग आम्ही दोघं सोसायटीच्या गेटवर उभं राहून इतके रडलो, की वॉचमन खुर्ची घेऊन आला.

तेरावं झाल्यावर सुखदा महिनाभर गाळ्यातच असायची. एक दिवस मोठं चित्र घेऊन आली आणि हॉलमध्ये टांगलं. त्यात आमचा ओटा, खिडकी आणि शैला. पाठमोरी. वेणी, ब्लाउजवरचा घामाचा डाग, खोचलेला पदर. तोंड नाहीच. शेजारच्या शालनबाई हार घेऊन आल्या होत्या, त्यांनी तो चित्रावर दोन-तीन ठिकाणी धरून बघितला. शेवटी हळूच म्हणाल्या, "अहो, पण हार घालायचा कुठं?" मीही चिडलो. म्हटलं, कंपनीत असं ड्रॉइंग आलं असतं तर समोरचा व्ह्यू नाही म्हणून मी परत पाठवलं असतं.

सुखदा म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला समोरून कधी बघत होतात?"

मी चष्मा लावला आणि चित्रातल्या चुका काढायला बसलो. उभी हयात इन्स्पेक्शनमध्ये गेली. केसाएवढा फरक नजरेनं धरणारा माणूस मी. चूक सापडलीच. उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती. सगळा भार डाव्या पायावर. म्हटलं, हे बघ, इथं चुकलंय.

"चुकलं नाही. टाच दुखायची तिची."

"कधीपासून?"

"सात वर्षं."

सात वर्षं, यशवंतराव. मी रोज त्या ओट्यापासून चार हातांवर बसून पेपर वाचत होतो. मी हजारो लोखंडी तुकडे हातात फिरवून बघितले, परत पाठवले, सह्या केल्या. घरातली टाच मला दिसली नाही.

तेव्हा मी तिला तोच प्रश्न विचारला, जो तुम्ही मला पत्रात विचारलाय. माणसं या नादाला का लागतात? ती बेसिनपाशी ब्रश धूत होती. म्हणाली, "दिसतं बाबा. मग गप्प बसवत नाही." आणि लगेच विचारलं, दुधी करू की दोडका. एवढंच उत्तर मिळालं. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं सांगेल.

असो. ऋचाला पाठवा. या धंद्यात महिन्याची खात्री नाही, स्थळं बघायला येणारे 'डिझाइन' ऐकून पुढे आणखी चार प्रश्न विचारतात, आणि बापाला गॅलरीत उभं राहावं लागतं, हे सगळं मी तिला रोखठोक सांगेन.

वहिनींना नमस्कार.

आपला,
सदाशिव

ता. क. खरं सांगायचं तर पाठवायची गरज नाही. ऋचा चार महिने दर शनिवारी लोकलनं दापोडीला सुखदाच्या गाळ्यात येते. तुम्हाला सांगितलेला फिजिक्सचा क्लास तो हाच. प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मवर पालक म्हणून माझी सही आहे, आणि परीक्षेलाही मीच तिला स्कूटरवरून नेलं. बोलायचं ते मला बोला. पोरीला नको.

आणखी एक. तिनं काढलेली चित्रं मी पाहिली. एकात तुम्ही आहात. तळेगावच्या घराच्या पडवीत खुर्चीवर बसलायत, फोन मांडीवर, नजर फोनकडे. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेत. मी ऋचाला विचारलं, आजोबा कुणाच्या फोनची वाट बघतायत? ती म्हणाली, "शैलाआजी रोज चारला करायची ना. आजोबा अजून बसतात." मला माहीत नव्हतं. उद्यापासून चार वाजता मी करत जाईन. मला तिच्यासारखं बोलता येत नाही. पण उचला.