आधी द, मग ध

तीर्थरूप भाऊजींच्या चरणी,

मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा ऐकत नसल्याने सात अंगांचाच घातला आहे, आठवे गृहीत धरावे.) ताईची पाठ आणि तुमचा राग ही दोन्ही जुनी दुखणी आता उताराला लागली असतील अशी आशा करतो. पाठीला शेक लागू पडतो. दुसऱ्याला काय लागू पडते ते ताईला विचारून कळवावे. इकडे आम्ही उभयता ठीक. दिवसा शाळेत संस्कृत शिकवणे आणि उरलेल्या वेळात छापखान्याची मुद्रिते तपासणे हा, तुमच्या भाषेत, निरुद्योग अजून चालू आहे.

आपले पत्र पावले, मजकूर ध्यानी आला. संपूर्ण पत्रात तुम्ही मुलीचा उल्लेख ‘तुमची भाची’ असा केला आहे. (शाळेत पहिली येत असे तेव्हा ती ‘माझी मुलगी’ होती, हे मला चांगले आठवते.) तर नोकरीनिमित्त इकडे राहणाऱ्या माझ्या या भाचीने आमच्याच गावात चाटचे दुकान चालवणारा मुलगा पसंत केला, म्हणून चार महिने तुम्ही तिच्याशी बोललेला नाहीत, आणि बाबा आल्याशिवाय मी लग्नाला उभी राहणार नाही असे तिनेही सांगून टाकले आहे. हट्टाची वाटणी दोन्हीकडे सारखी झाली आहे. मग तुम्ही मला फर्मावलेत की ओळख न देता, साधे गिऱ्हाईक म्हणून जावे, सात प्रश्नांची उत्तरे काढावीत, आणि माझे पत्र वाचून तुम्ही काय ते ठरवाल. एका मुलीचे लग्न माझ्या पानभर मजकुरावर अडले आहे हे कळल्यापासून मी अनुस्वारसुद्धा दोनदा विचार करून देतो आहे.

काल दुपारी शाळा सुटल्यावर गेलो. या दुकानात रस्त्यावरचे पदार्थ मिळतात, पण रस्ता आत आणून बसवला आहे. भिंतीवर दिव्याचा खांब, सायकल आणि तिच्याकडे संशयाने पाहणारी गाय रंगवली आहे. पूर्वी माणसे रस्त्यावर उभी राहून खात आणि कोणी ओळखीचे दिसले की सहज थांबल्याचे दाखवत. आता पंख्याखाली बसून आपण रस्त्यावर उभे असल्याचे दाखवतात. प्रगती म्हणतात ती हीच असावी. बसायला पाठ नसलेली स्टुले आहेत. (ताईला आणाल तेव्हा उशी आणावी.) आणि मधोमध एक खरीखुरी हातगाडी आहे, चाके काढलेली. हातगाडी ही जंगम वस्तू. ती स्थावर केलेली मी प्रथमच पाहिली. तिच्यामागे मुलगा उभा. वय तिशीच्या आत, कमरेला एप्रन, हातात मोजे.

तुमचा पहिला प्रश्न कुळाचा. मी जागा धरली, घसा साफ केला आणि सहज चौकशी केल्यासारखे विचारले की, तुमचे मूळ कुठले. तो म्हणाला, ‘‘कुठलं मूळ, काका? बटाटा की रताळं?’’ आता बटाटा हे मूळ नसून खोड आहे असे आमचे विज्ञानाचे सर सांगतात, पण तो वाद काढला असता तर मी शिक्षक असल्याचे उघड झाले असते. म्हणून पाणीपुरी मागवली.

इथे माझी चूक झाली. चौकशीला जाणाऱ्याने पाणीपुरी मागवू नये. प्रश्न विचारण्यासाठी तोंड उघडावे तर समोरून पुरी तयार होऊन येते, आणि ती थांबत नाही. वेळीच तोंडात घातली नाही तर सदऱ्यावर उतरते. पाणीपुरी हा मध्यमपदलोपी समास आहे, पाण्याने भरलेली पुरी. परंतु इथे मधल्या पदाचाच नव्हे तर सबंध पुरीचा आणि पाठोपाठ चौकशी अधिकाऱ्याचाही लोप होतो. सहा पुऱ्यांत माझे सहा प्रश्न गेले. डोळ्यांतून धारा लागल्या. त्याने न विचारता दह्याची वाटी पुढे सरकवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळला, म्हणजे मला निवांत रडता यावे. हे मी टिपून ठेवले.

डोळे पुसले आणि सवयीने समोरचे मेनूकार्ड हातात घेतले. कोणीतरी हाताने लिहून प्रती काढल्या होत्या. अक्षराचे वळण कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले, पण चूक दिसली की मला दुसरे काही दिसत नाही, आणि चूक तर अगदी माथ्यावर होती: ‘शुध्द शाकाहारी’. भाऊजी, ‘शुद्ध’ या शब्दात आधी द येतो, अर्धा, मान खाली घालून. मग त्याच्या आधाराने ध. इथे ध रांग मोडून पुढे घुसला होता. म्हणजे शुद्ध असल्याची ग्वाही देणारा शब्दच अशुद्ध. खाली ‘दहि’ आणि ‘चिंचेचि चटणी’. माझ्या खिशातले लाल पेन आपोआप बाहेर आले. कार्ड रक्तबंबाळ झाले तेव्हा मान वर केली, तर मुलगा शेजारी उभा. आता हा आपल्याला खऱ्या रस्त्यावर बसवणार असे वाटले.

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘हे झालं की बाकीची अठरा कार्डं पण घ्या. मी तिला म्हणत होतो, काहीतरी चुकतंय. तर म्हणाली, माझं शुद्धलेखन मामांनी घेतलंय, त्यात चूक निघणार नाही.’’

इतका वेळ ‘काका’, आणि आता ‘मामा’. त्याने मला उंबऱ्यातच ओळखले होते. बाबा मामालाच पाठवणार हे ताडून भाचीने खूण सांगून ठेवली होती की खिशाला लाल पेन असेल आणि बसल्याबरोबर कार्ड तपासायला घेतील. (बसल्याबरोबर नव्हे. आधी सहा पुऱ्या खाल्ल्या.)

तेव्हा तुमचे उरलेले प्रश्न मी उघडच विचारले. व्यसन आहे, हात धुण्याचे. मी बसलो तेवढ्या वेळात नऊदा. मुलगा स्थिर आहे का, असे तुम्ही विचारले होते. त्यावर तो हातगाडीच्या कडेवरून फडके फिरवत म्हणाला, ‘‘ही बाबांची गाडी. ते गेले, मग चाकं मी काढली. म्हटलं, पुरे झालं ढकलणं.’’ याहून स्थिर काय असते मला ठाऊक नाही. कुळाविषयी मी पुन्हा विचारले नाही. गाडी पाहिली होती.

सारांश, माझे मत असे की तुम्ही मुळीच घाई करू नये. सावकाश विचार करावा. (रविवारी सकाळच्या गाडीने निघालात तरी विचाराला पाच तास मिळतात.)

ताईस नमस्कार, आणि तुम्हांस राहिलेल्या आठव्या अंगासह,

तुमचा आज्ञाधारक, पण ओळखला गेलेला,
मेहुणा

ता. क. पत्र पेटीत टाकण्याआधी भाचीला वाचायला दिले. ती माझ्यावर रागावेल वाटले होते. ‘‘बाबांना तिखट सोसत नाही, त्यांचं पाणी वेगळं काढायला सांगते,’’ एवढेच म्हणाली.

ता. क. २. चूक माझ्या शिकवण्यातली की काय, या चिंतेने मी तुमचे पत्र पुन्हा काढून पाहिले. ‘घराणे शुध्द आहे का, नीट पाहावे’ असे तुम्ही तीन ठिकाणी लिहिले आहे, आणि तिन्ही ठिकाणी ध पुढे आहे. मला हायसे वाटले. दोष मामाकडचा नाही. कुळातूनच आला आहे.

ता. क. ३. कार्डे मी सगळी दुरुस्त केली. दारावरच्या पाटीवरही ‘शुध्द’च आहे. मुलगा लगेच शिडी लावायला निघाला होता. मी म्हटले, रविवारपर्यंत राहू दे. भाऊजींना आत येताना परके वाटू नये.