एक माप, सपाट

माय, तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी लिहितेय. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच घेतली आहेत. आज मी फार खुशीत आहे आणि शरमलेयही तेवढीच, आणि असं दोन्ही मिळून सांगावं असं तुझ्याशिवाय कोणी आठवलं नाही.

खुशीचं आधी सांगते. मी आज एक डबा वाचला, पुढून, मागून, बाजूने. व्हिटॅमिन सीच्या पावडरीचा. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज एक माप घ्या. मुलाने डबा आणून दिला. त्याच्यावर मोठं कापलेलं संत्रं, असं रसाळ की पाहूनच तोंडाला पाणी सुटावं. आत पावडरीत एक इवलासा पांढरा चमचा निघाला. मला वाटलं, भातुकलीतला कोणी शोभेला टाकला. ओव्याच्या डब्यात तो इतका छान बसला की तिथेच राहिला, आणि पावडर मी घ्यायला लागले आपल्या चहाच्या चमच्याने, शिगोशीग, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. हात आखडता घ्यायची आपल्या घराण्यात सवय कुठे होती. तू भरताला तेल घालायचीस ते मी पाहिलेलंच आहे.

आठ दिवसांत पोट बिघडलं. मी सगळा दोष शेवभाजीला दिला. सूनबाई बिचारी रोज मऊ खिचडी टाकायची. एकदा हळूच म्हणाली, "आई, त्या पावडरीने तर होत नसेल?" मी म्हटलं, "वाचलंय मी त्याच्यावरचं सगळं. ताकदीची वस्तू आहे." इथेच गप्प बसले असते तर बरं होतं. शेजारच्या अक्कांना दोन वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता, तेव्हापासून त्या थकल्या-थकल्या असतात. त्यांना मी वाटीभर पावडर नेऊन दिली आणि वर म्हणाले, "दोन चमचे घ्या अक्का, मी वाचलंय."

आज रविवार. नात नववीत आहे, ती दुपारी डबा घेऊन माझ्यापुढे बसली. "आजी, तू किती घेतेस, दाखव." मी चमचा भरून दाखवला. तिने डोळे मोठे केले. "हे माप नाहीये. यातलं माप कुठे गेलं?" मी ओव्याचा डबा पुढे केला. तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. मग म्हणाली, "मागे काय लिहिलंय, वाच ना." मी म्हटलं, चष्मा नाही. ती उठली, देवळीतला चष्मा आणला आणि स्वतः माझ्या नाकावर ठेवला. आता कुठे पळू? म्हटलं, "पोरी, मला इंग्रजी येत नाही. कधीच येत नव्हतं." माय, सत्तरीला आल्यावर हे वाक्य पहिल्यांदा तोंडातून निघालं. ती एवढंच म्हणाली, "आकडे तर येतात ना? मग झालं."

आणि खरंच झालं. हे एकटं अक्षर म्हणजे ग्रॅम, ते मी सोनाराकडे पाहिलेलं. त्याच्याआधी आणखी एक अक्षर आलं की मिलिग्रॅम, असे हजार मिळून एक ग्रॅम. माप भरायचं, पट्टीने वरचं काढून टाकायचं, म्हणजे सपाट एक माप. ते एक ग्रॅम, त्यातलं पाचशे मिलिग्रॅम व्हिटॅमिन, बाकी साखर आणि वास. मग तिने माझ्या चमच्यातली पावडर मापाने मोजली. पाच मापं भरली. दिवसाची दहा. पुढे टक्के होते. "शंभर टक्के म्हणजे दिवसाची गरज पूर्ण. इथे एका मापातच सहाशेच्या वर लिहिलंय." मी म्हटलं, "तुझ्या शाळेत कोणाला पडतात का गं सहाशे टक्के?" तेव्हा मात्र ती खळखळून हसली. खाली बारीक अक्षरांत होतं, सांगितल्यापेक्षा जास्त घेऊ नये. त्याहून बारीक, यात फळ नाही. एवढं मोठं संत्रं काढलंय आणि आत फोडसुद्धा नाही. त्याच्या शेजारी होतं, मुतखडा झालेला असेल तर डॉक्टरांना विचारावं.

ते ऐकलं आणि मी तशीच चपला न घालता शेजारी गेले. म्हटलं, "अक्का, ती पावडर घेऊ नका. मी वाचलेलं नव्हतं. मला येतच नाही वाचता." अक्का तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "तरी म्हटलं, ही इंग्रजी कधीपासून वाचाले लागनी. मी कुठली घेते? घरात लिंबू नव्हतं, डाळीत टाकली चिमूटभर. उरलेली ती बघ, ताकाच्या भांड्याशेजारी." मी वाटी उचलून घरी आणली. हसावं की रडावं, कळेना.

आता शरमेचं. पारोळ्याजवळच्या आपल्या त्या घरात धाकला भाऊ तापाने फणफणला होता. मी चौथीत होते. तोवर औषधाच्या बाटलीला कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली असायची, एक दात म्हणजे एक वेळ. ती तुला वाचता यायची. त्या खेपेला मात्र कारखान्याची छापील बाटली आली. तू डॉक्टरांना विचारून आलीस, त्यांनी बोट ठेवलं तिथे तिथे बाटलीवर चुन्याचे ठिपके दिलेस, आणि ठिपक्यापर्यंत औषध पाजलंस. भाऊ ओकला. काकू आणि शेजारणी जमलेल्या. मी बाटली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, "यावर एक चमचा लिहिलंय, तू किती पाजलंस? अडाणी कुठची." तू पदराने ते ठिपके पुसलेस, एकेक करून, आणि विचारलंस, "मंग कितलं दिऊ, तू सांग."

तेव्हापासून तू मलाच विचारत राहिलीस. माझं लग्न होऊन मी धुळ्याला देवपुरात आले, तर तू पारोळ्याहून एसटीने औषधांची पिशवी घेऊन यायचीस आणि शेजारणींना सांगायचीस, "मनी पोर बठ्ठं वाचस." आणि ही सगळं वाचणारी मी तुला चहा द्यायचे, कोथिंबीर आणते म्हणून तीच पिशवी घेऊन खाली उतरायचे, मेडिकलवाल्याला विचारून यायचे, आणि मग तुझ्यापुढे बसून गोळ्यांच्या पाकिटावर बोट फिरवायचे. तू माझ्या बोटाकडे बघत राहायचीस.

आज नातीने डब्याच्या झाकणावर पेनने एक ठसठशीत ठिपका काढला. म्हणाली, "आजी, एक ठिपका म्हणजे एक माप. विसरलीस तर इथे बघ." ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी तो अंगठ्याने पुसून पाहिला. निघाला नाही, बरं झालं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. ओव्याच्या डब्याखाली कागद अंथरलाय, त्याच्याखाली ठेवते. एवढं लिहूनही मुद्द्याचं राहिलंच. माय, ती बाटली इंग्रजी होती. चौथीतल्या पोरीला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, आणि चमच्याचं मी मनाने सांगितलं. भाऊ तापानेच ओकला असेल. तुझे ठिपके बरोबर असतील.