एक फ्रेम, चाकांच्या दोन जोड्या

११ एप्रिल, गुरु.
सायकलची फ्रेम गेली. टँकरवरून पाणी आणताना, कोपऱ्यावर, पेडलच्या वरच्या जोडाला कडकन् आवाज. दोन्ही कॅन रस्त्यावर. बायको, सुशीला, वाहत्या पाण्याकडं बघत होती, मी चाकांकडं. चाकं शाबूत. धाकटा मुलगा नोकरीला जाताना ठेवून गेलेली ही २६ इंची, डिस्क ब्रेकची. मी तिच्यावर फिरलो. सुशीलानं तीन उन्हाळे तिच्यावरून पाणी ओढलं. एकदाही सीटवर बसली नाही. ढकलण्यात मात्र माझी गुरू.

संध्याकाळी देवगाव रंगारीहून अक्काचा फोन. बोअर आटली. २२ ला, सोमवारी, तिचा लेक गाडी घेऊन येतोय. पुण्याला नेणार, कायमची. माझी थोरली बहीण गावात नाही, म्हणजे मग गाव...

बोलून बसलो, "त्याच्या आधी सायकलनं येतो. घंटी ऐक."
"यष्टी बंद पडली व्हय रं?"
पण हसली. सायकल तिनंच शिकवली मला. सीट धरून मागं पळायची. "कविता थांबली की सोडीन!" मी घाबरून सगळी पाठ्यपुस्तकं म्हणायचो.

१२ एप्रिल, शुक्र.
गुलमंडीजवळ सलीमभाईच्या सायकल दुकानात. म्हटलं, फ्रेम अशी हवी की जुनी २६ ची चाकं पाण्याला चालतील आणि अक्काच्या वाटेवरच्या घाटाला मोठी बसतील. मनात २९. फोटोतच किती डौलदार दिसतात.

"चाचा, २९ का नाम नक्को. उस फ्रेम में पुराने पहिये डाले तो पैडल पत्थर को लगता. २७.५ की लेव, डिस्कवाली. दोनों जोड़ी बैठती."
"साधा ब्रेक?"
"वो नक्को. पहिया छोटा हुआ तो ब्रेक का रबर सीधा टायर पे."

कळलं. तरी जाताना २९ च्या चाकाला हात लावून आलो.

१५ एप्रिल, सोम.
सलीमभाईनं २७.५ ची एक चालवून बघायला दिली. पडेगावपर्यंत. रुंदीकरणात रस्ता उखडलेला, नुसती खडी. जिथं वडाखाली थांबायचो तिथं आता फ्लॅटची जाहिरात, तिच्यावर वडाचं चित्र!

सपाटीला पेडलच्या तालावर भुजंगप्रयात वृत्त छान निघतं. लगागा लगागा लगागा लगागा, पायागणिक एक गण. चढाला तिसऱ्या लगागाला धाप. मंदाक्रांता घ्यावी. गागागागा... सुरुवातीलाच चार गुरू. जमेल, सावकाश.

१७ एप्रिल, बुध.
फ्रेम आणली. सोबत २७.५ ची चाकं. सुशीलानं दोन्ही कॅन भरून अंगणात ढकलून पाहिली.
"ही चाकं पाण्याला नकोत. उंच झाली."
"अगं, बोटभरच."
"तुम्ही बसता. मी धरते."

बरोबर आहे. शिवाय जुन्या चाकांना आरे जास्त, ओझं तीच पेलतील. आठवडाभर जुनी, घाटाला नवी. ठरलं.

१९ एप्रिल, शुक्र.
जीव थाऱ्यावर नाही. दिवसात चार वेळा चाकं बदलली. आसाची कळ दाब, चाक काढ, चेन चढव. सु. शेजारी बसून बघत होती.
"अहो, नवरी आहे का ती? किती दागिने बदलताय!"
पाचव्यांदा तिच्या हातात दिली. चेन पहिल्या फटक्यात बसवली तिनं. मला दोन लागतात.

अक्काला कळवलं, रविवारी पहाटे निघतो. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कसाबखेडा. नावं नुसती उच्चारली तरी पाय हलतात.

२० एप्रिल, शनि.
गुरुवारचा टँकर आलाच नव्हता. आज निरोप: उद्या सकाळी सहाला. टाकीत तळाला लाल पाणी.
"तुम्ही निघा," सु. म्हणाली.
"आणि पाणी?"
"डोक्यावरून आणीन."
"कंबर?"
"कंबर माझी आहे."

पाणी भरून दुपारच्या एसटीनं जाता येईल. जाता येईलच. पण घंटी...

अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "सुशीलाला पाणी भरू लाग आधी. मी कुठं पळून चाललेय?" उद्याचा एकच तर दिवस आहे.

दोन्ही जोड्या धुतल्या, आसांना ग्रीस लावलं. चारही चाकं भिंतीला टेकवली. फ्रेम अंगणात उलटी. काही लावलं नाही. सकाळी बघू, म्हणालो. भित्रा.

२१ एप्रिल, रवि. पहाटे पाच.
जाग आली तेव्हा सु. अंथरुणात नव्हती. चुलीशेजारच्या कट्ट्यावर फडक्यात बांधलेल्या दशम्या. त्यांच्या शेजारी पालथे घातलेले दोन कॅन, झाकणं काढलेली.

आता अंगणात कळ दाबल्याचा आवाज. मग मागच्या चाकाची टिकटिक. सुंदर, सलग. तिनं ते हातानं फिरवून पाहिलं असणार, सरळ फिरतंय का ते.

कुठली जोडी लावतेय, इथून दिसत नाही. उठून खिडकीशी जायला तीन पावलं. बूट घातलेत, नाड्या बांधल्यात. बसलोय.

टिकटिक थांबली. आता पुढचं चाक... आणि घंटी वाजली, उठतो.